स्लाइडवरचं शून्य: भटक्या कुत्र्यांमधल्या जंतांच्या पाहणीच्या नोंदी

६ जानेवारी

आजपासून काम सुरू. कागदावरचा हेतू दोन ओळींत मावतो: वस्तीतल्या भटक्या कुत्र्यांच्या पोटात माणसाला लागणारे कोणते जंत आहेत ते बघायचं, आणि ते माणसापर्यंत कुठल्या वाटेने पोचतात ते शोधायचं. हे एकदाच न करता महिनोन्‌महिने करत राहायचं. एकदाच जाऊन नमुने आणले की हाती त्या दिवसाची खबर लागते. पाऊस पडल्यावर काय झालं, पिल्लं झाल्यावर काय झालं, औषध दिल्यावर काय बदललं, यातलं काहीच त्यातून कळत नाही.

यादीत चार नावं ठेवली आहेत. टॉक्सोकारा कॅनिस हा गोलकृमी. अँकायलोस्टोमा हा अंकुशकृमी, म्हणजे हुकवर्म. डिपायलिडियम हा पिसवांवाटे पसरणारा पट्टकृमी. आणि चौथा एकायनोकॉकस ग्रॅन्युलोसस. हाही पट्टकृमीच, पण लांबी २ ते ७ मिलिमीटर. पट्टकृमी म्हटलं की डोळ्यांसमोर लांबलचक फीत येते. हा मात्र नुसत्या डोळ्यांना धाग्याच्या तुसासारखा दिसतो. कुत्र्याच्या आतड्यात असे हजारो असले तरी कुत्रं हिंडतं, खातं, शेपूट हलवतं. त्याची अंडी माणसाच्या पोटात गेली तर यकृतात किंवा फुफ्फुसात पाण्याने भरलेली गाठ वर्षानुवर्षं हळूहळू वाढत राहते. जागतिक आरोग्य संघटनेच्या मते एकायनोकॉकसच्या आजारांनी कुठल्याही वेळी जगातली दहा लाखांहून जास्त माणसं ग्रासलेली असतात.

पण आजचं खरं काम वेगळंच होतं. जंतांना हात लावण्याआधी रेबीज. पथकातल्या प्रत्येकाला लशीचा पहिला डोस दिला, दुसरा सात दिवसांनी. तोपर्यंत कुणीही कुत्र्याला हात लावायचा नाही, असं डॉक्टरांनी (आमचे पशुवैद्य) दोनदा बजावलं. चावा बसलाच तर जखम साबण आणि वाहत्या पाण्याने पंधरा मिनिटं धुवायची आणि मग दवाखाना गाठायचा. लस घेतलेली असली तरीही. गाडीत साबणाची वडी आणि पाण्याचा कॅन ठेवला. वाहता नळ प्रत्येक गल्लीत सापडतोच असं नाही.

१३ जानेवारी

लशीचा दुसरा डोस झाला. पहाटे पहिली फेरी.

नमुने गोळा करण्याची पद्धत ठरवताना वाद झाला. प्रत्येक कुत्रं पकडून त्याच्याकडूनच नमुना घ्यावा, म्हणजे कोणाचा कुठला ते कळेल, असं एक मत. कुत्री धरणारे काका नुसतं हसले. त्यांचं म्हणणं, एका गल्लीत दोन कुत्री धरली की तिसरं पुढचे आठ दिवस नजरेला पडत नाही. म्हणून जमिनीवरची ताजी विष्ठा उचलायची असं ठरलं. नियम साधे आहेत. विष्ठा ओली असतानाच उचलायची. मातीला टेकलेला भाग सोडून आतला घ्यायचा, कारण मातीत राहणाऱ्या निरुपद्रवी सूत्रकृमींच्या अळ्या वर चढून बसतात आणि स्लाइडवर आपल्याला फसवतात. डबीवर मार्ग, वेळ आणि जागा लिहायची, शेजारी पट्टी ठेवून फोटो काढायचा.

या सोयीची किंमत मात्र आजच वहीत लिहून ठेवतोय. एकच कुत्रं दिवसातून दोनदा बसतं, उद्याही बसणार. दहा डब्यांमागे दहा कुत्री असतील असं नाही, सहाही असतील. तक्त्यातल्या एका रकान्याचं नाव ‘बाधित कुत्री’ होतं. ते खोडून ‘बाधित नमुने’ केलं. एवढ्याशा खोडाखोडीवरून पुढे बरीच भांडणं होणार असं दिसतंय.

१५ जानेवारी

मोजणी. परवा काका आणि मी दिसेल त्या कुत्र्याच्या पाठीवर लांबूनच जनावरांसाठीच्या रंगाची खूण फवारली, आज त्याच मार्गावर परत गेलो. हिशेब जुना आणि सोपा आहे. समजा पहिल्या दिवशी ४० कुत्र्यांवर खूण केली. दुसऱ्या खेपेला ५० दिसली, त्यांतल्या २० वर खूण होती. म्हणजे खूण केलेल्यांपैकी निम्मी दिसली. तर एकूणातलीही निम्मीच दिसली असणार. ५० ही निम्मी असतील तर एकूण १००.

यात गृहीत असं आहे की प्रत्येक कुत्रं दिसण्याची शक्यता सारखीच असते. ती नसते. माणसाळलेली पहिल्या दिवशीही समोर येतात आणि दुसऱ्या दिवशीही. बुजरी दोन्ही दिवस गाडीखाली. त्यामुळे हा आकडा जवळजवळ नेहमी कमीच येतो. अहवालात ‘किमान’ हा शब्द घातला.

२० जानेवारी

प्रयोगशाळेतला पहिला पूर्ण दिवस. आमच्याकडे आहे ती साधी तरंगवण्याची पद्धत: विष्ठा संपृक्त मिठाच्या पाण्यात कालवायची, गाळायची, जंतांची अंडी हलकी असल्यामुळे वर येतात, वरचा थर कव्हरस्लिपवर घ्यायचा. मोजायचं असेल तेव्हा मॅकमास्टरची काचेची पेटी. ३ ग्रॅम विष्ठा, एकूण ४५ मिलिलिटर द्रावण, पेटीच्या दोन्ही कप्प्यांत मिळून ०.३ मिलिलिटर. म्हणजे दिसलेलं एक अंडं ग्रॅममागे ५० अंड्यांएवढं.

अंकुशकृमीची अंडी पहिल्याच स्लाइडवर दिसली. लांबट, पातळ कवचाची, साधारण ६० बाय ४० मायक्रॉन (मायक्रॉन म्हणजे मिलिमीटरचा हजारावा भाग), आत विभागत असलेल्या पेशींचा पुंजका. टॉक्सोकाराचं अंडं एकदा पाहिलं की विसरत नाही. गोल, गडद तपकिरी, जाड कवचाचं, आणि कवचावर शिंप्याच्या अंगुस्तानावर असतात तसे बारीक खळगे.

एका नमुन्यात ताईंना (प्रयोगशाळेचं सगळं त्याच बघतात) कुठल्याच कुत्र्याच्या तक्त्यात न बसणारे पुटीसारखे गोळे दिसले. अर्धा तास पुस्तकं चाळली. शेवटी उलगडा झाला: ते आयमेरिया या एकपेशीय परजीवीचे होते. आयमेरिया कुत्र्याचा नव्हेच, चरणाऱ्या जनावरांचा. कुत्र्याने कुणाचं तरी शेण खाल्लं आणि ते गोळे पोटातून जसेच्या तसे बाहेर आले. ताईंनी वहीत नवा रकाना आखला: ‘वाटसरू’. मांजराच्या टॉक्सोकाराची अंडीही अशीच कुत्र्याच्या पोटातून प्रवास करून येऊ शकतात, आणि ती ओळखायला फार कठीण. स्लाइडवर जे दिसतं ते सगळं त्या कुत्र्याच्या पोटात राहणाऱ्याचंच असेल असं नाही.

२२ जानेवारी

चूक माझी. मंगळवारच्या दुसऱ्या फेरीच्या डब्या गाडीतच राहिल्या, थंड पेटीबाहेर. आज उघडल्या तर अंकुशकृमीच्या अंड्यांऐवजी वळवळणाऱ्या अळ्या. ऊब आणि ओल मिळाली की एक-दोन दिवसांत अंडी फुटतात. मोजणी गेली. आता डब्यांची संख्या उतरवून घेणारा माणूस आणि गाडीतून उतरवणारा माणूस वेगवेगळा ठेवला आहे.

२९ जानेवारी

महिन्याचा पहिला गोषवारा. अंकुशकृमी सगळ्या मार्गांवर. टॉक्सोकारा काही मार्गांवर, मुख्यतः जिथे पिल्लं आहेत तिथे. पट्टकृमी: शून्य. सगळ्यांना बरं वाटलं, मलाही. ‘पट्टकृमी आढळले नाहीत’ असं वाक्य लिहून सही केली आणि पाठवून दिलं.

३ फेब्रुवारी

ते वाक्य पाच दिवस टिकलं.

सकाळच्या फेरीत भिंतीच्या कडेला एक कुत्री झोपली होती. शेपटीखालच्या केसांत पांढरे दाणे चिकटलेले, आणि त्यातला एक हलला. काकांनी लांबूनच ओळखलं. “साहेब, जंत नाहीत म्हणून तुम्हीच लिहिलं होतं ना?” चिमट्याने दोन दाणे काढून आणले. काकडीच्या बीसारखे, दोन्ही कडांना एकेक छिद्र. डिपायलिडियमचे तुकडे. या जंताची अंडी एकेकटी मोकळी सुटत नाहीत, पुडक्यांत बांधलेली असतात आणि बहुतेक वेळा तुकड्याच्या आतच राहतात. त्यामुळे द्रावणात तरंगायला ती येतच नाहीत. कुत्र्याच्या शेपटीखाली बघणं हे मायक्रोस्कोपपेक्षा सरस ठरावं, हे पचवायला थोडा वेळ लागला. लहान मुलांना हा जंत होतो तो बाधित पिसू चुकून गिळल्याने. विष्ठेला हात लागल्याने नाही.

एवढ्यावर थांबलो असतो तर तेही चुकलंच असतं. दुपारी ताईंनी विचारलं, “आपलं मिठाचं पाणी किती घट्ट आहे?” मोजलं: घनता १.२०. मग अंड्यांच्या घनता काढून बघितल्या. अंकुशकृमीचं अंडं सुमारे १.०६, टॉक्सोकाराचं १.०९, टीनिया गटाच्या पट्टकृमीचं (एकायनोकॉकसचं अंडंही याच धाटणीचं) सुमारे १.२३. मिठाच्या पाण्यात पहिली दोन आरामात वर येतात. तिसरं तळाशी बसतं आणि आपण तळ ओतून टाकतो.

म्हणजे महिनाभर आम्ही जी पद्धत वापरत होतो तिच्यात ते अंडं दिसणारच नव्हतं. दुरुस्तीपत्र पाठवलं: ‘पट्टकृमी आढळले नाहीत’ ऐवजी ‘वापरलेल्या पद्धतीने पट्टकृमींची अंडी दिसणं अपेक्षित नाही’. पलीकडून विचारणा आली, मग आहेत की नाहीत? उत्तर दिलं, महिनाभर थांबा.

५ फेब्रुवारी

साखरेचं द्रावण केलं, घनता १.२७. नुसतं उभं न ठेवता सेंट्रिफ्यूजमध्ये फिरवायचं. अंडी जास्त सापडतात, पण टेबल, पिपेट, हातमोजे, दाराची कडी, सगळं चिकट. बुरशी धरू नये म्हणून द्रावणात थोडं फॉर्मलिन, तरी मुंग्यांनी बाटलीचा पत्ता शोधलाच.

फ्रिजमध्ये राखून ठेवलेले जानेवारीतले नमुने परत केले. तिसऱ्याच नमुन्यात ते होतं: ३० ते ४० मायक्रॉनचं गोल अंडं, जाड कवचात चाकाच्या आऱ्यांसारख्या रेषा, आत बारीक आकड्या. आकड्या सहा असतात. ताईंनी त्या मोजून दाखवल्या, मला पाचच दिसल्या.

११ फेब्रुवारी

टीनियाची अंडी आणि एकायनोकॉकसची अंडी मायक्रोस्कोपखाली हुबेहूब सारखी. कितीही चांगली लेन्स आणा. टीनियाच्या कुत्र्यातल्या बहुतेक जाती माणसाच्या दृष्टीने दुय्यम. एकायनोकॉकस मात्र सगळ्या यादीतला सर्वांत गंभीर. म्हणजे अंडं दिसल्यावरही आम्हाला नेमकं तेच कळत नाही जे कळायला हवं.

पुढची पायरी दोन चाचण्यांची. एक, विष्ठेत जंताने सोडलेली प्रथिनं शोधणारी अँटिजेन एलायझा. तिला अंडी लागतच नाहीत, त्यामुळे जंत अंडी घालू लागण्याआधीही ती पकडते. पण टीनियाच्या जंतांनीही ती कधीकधी होकार देते. म्हणून होकारार्थी नमुन्यांवर दुसरी, जंताचा डीएनए ओळखणारी पीसीआर.

आणि आता एक कबुली. आम्ही हे सगळे नमुने उणे २० अंशांच्या फ्रीजरमध्ये ठेवून निर्धास्त होतो. एकायनोकॉकसची अंडी उणे २० ला मरत नाहीत. स्पिरिटने नाही, फॉर्मलिनने नाही. नेहमीच्या जंतुनाशकांनाही ती दाद देत नाहीत. ती मरतात ती उकळत्या पाण्याने, किंवा उणे ८० अंशांवर काही दिवस ठेवून. महिनाभर जे टेबल आम्ही स्पिरिटने पुसत होतो त्याचा विचार करून सगळेच गप्प झाले. आज टेबल उकळत्या पाण्याने धुतलं. नमुने उणे ८० च्या फ्रीजरला हलवले आणि तिथे पुरेसे दिवस काढल्याशिवाय डबी उघडायची नाही असा कागद दारावर चिकटवला. हातमोजे, मास्क, प्रयोगशाळेत खाणंपिणं बंद हे आधीपासून होतंच, नाहीतर आज झोप लागली नसती.

१९ फेब्रुवारी

पडक्या खोलीत सहा पिल्लांची वीण. पोटं टम्म फुगलेली, बाकी अंग हाडकुळं. डॉक्टरांनी बघूनच सांगितलं, टॉक्सोकारा. पिल्लाला हा जंत बाहेरून लागण्याची गरजच नसते. आईच्या स्नायूंत निपचित पडलेल्या अळ्या गाभणपणाच्या शेवटच्या काळात जाग्या होतात आणि नाळेतून पोटातल्या पिल्लांत शिरतात. जन्मानंतर तीन आठवड्यांत पिल्लाच्या विष्ठेतून अंडी पडू लागतात. एक मादी जंत दिवसाला लाखभर किंवा त्याहून जास्त अंडी घालू शकते. म्हणून जंताचं औषध दोन आठवड्यांच्या वयापासून, दर पंधरवड्याने. मोठी कुत्री पकडण्यात दिवस घालवण्यापेक्षा अशी एक वीण शोधली तर मातीत पडणारी अंडी कितीतरी जास्त थांबतात, हे माझं आता ठाम मत आहे.

रात्री थोडं जुनं वाचलं. १९५० मध्ये हेलेनॉर वाइल्डर या अमेरिकन संशोधिकेने मुलांचे शस्त्रक्रियेने काढून टाकलेले डोळे परत तपासले. कर्करोगाच्या संशयाने काढलेले. ४६ डोळ्यांपैकी २४ मध्ये तिला जंतांच्या अळ्या किंवा त्यांचे अवशेष सापडले. त्या अळ्या सुरुवातीला अंकुशकृमीच्या समजल्या गेल्या. १९५६ मध्ये निकोल्स यांनी त्यांतल्या काही टॉक्सोकाराच्या असल्याचं ओळखलं. मधल्या काळात, १९५२ मध्ये, बीव्हर आणि सहकाऱ्यांनी यकृतासारख्या अवयवांत भटकणाऱ्या अशाच अळ्यांचा आजार वर्णिला. माणूस हा या जंताचा योग्य यजमान नव्हे, त्यामुळे अळी मोठी होत नाही, शरीरभर वाट शोधत फिरते. डोळ्यात पोचली तर मुलाची दृष्टी जाऊ शकते.

पिल्लांना औषध दिलं. सहावं पिल्लू हाताला लागलं नाही.

२७ फेब्रुवारी

फेऱ्यांच्या नकाशावर टीनियासारखी अंडी सापडलेल्या जागा लाल टिंबांनी मांडल्या. टिंबं सगळीकडे विखुरलेली असतील असं वाटलं होतं. बहुतेक एकाच बाजूला निघाली, जिथे जनावरं कापल्यावर उरलेला टाकाऊ भाग उघड्यावर पडतो तिथे. आज तिथे दोन तास उभा राहिलो. कुत्री वेळेवर येतात, गाडीचा आवाज ओळखतात.

यात नवल काही नाही, हेच या जंताचं चक्र. कुत्र्याच्या विष्ठेतली अंडी चरणाऱ्या जनावराच्या पोटात जातात, तिथे यकृतात-फुफ्फुसात गाठ होते, गाठ असलेलं यकृत कच्चं कुत्र्याला मिळतं, त्याच्या आतड्यात जंत वाढतात, अंडी परत गवतावर. कुत्र्याच्या विष्ठेतली अंडी खाऊन कुत्र्याला हा जंत होतच नाही. त्याला तो गाठीतूनच मिळतो, आणि ती गाठ माणसाने टाकलेली असते.

कापणारे आजोबा तिथेच बसले होते. त्यांना विचारलं, यकृतात कधी पाण्याच्या गाठी दिसतात का? म्हणाले, “दिसतात की. ते आम्ही विकत नाही, बाजूला टाकतो.” बाजूला म्हणजे कुठे, ते समोरच दिसत होतं. चांगल्या हेतूने, गिऱ्हाइकाला खराब माल जाऊ नये म्हणून, नेमका गाठीचाच भाग कुत्र्यांपुढे पडतो.

५ मार्च

बैठक. एका कार्यालयाला ‘किती टक्के कुत्री बाधित’ हा एक आकडा हवा होता. मी नमुने म्हणतो, ते कुत्री म्हणतात. पाऊण तास यातच गेला. मग एकाने विचारलं, अमुक मार्गावर तर तुमचं शून्य आहे, तो तरी सुरक्षित म्हणून जाहीर करू का? तिथे तीनचा नियम कामी आला. ६० नमुन्यांत एकही बाधित निघाला नाही तरी खरं प्रमाण ३ भागिले ६०, म्हणजे ५ टक्क्यांपर्यंत असू शकतं. तेही प्रत्येक नमुना वेगळ्या कुत्र्याचा आणि चाचणी अचूक असेल तर. आमच्याकडे दोन्ही नाही.

मग ठरलेला प्रश्न आला: कुत्रीच हटवली तर? डॉक्टरांनी शांतपणे उत्तर दिलं. जागा आणि खाणं तसंच राहिलं तर शेजारची कुत्री येतात. जी येतात त्यांना लस नाही, औषध नाही, आणि त्यांच्यात तरुण कुत्री आणि पिल्लं जास्त, म्हणजे टॉक्सोकाराही जास्त. आपण औषध दिलेली कुत्री घालवून औषध न दिलेली बोलावून घेतो. मी आइसलँडचं सांगितलं. १८६३ मध्ये डॅनिश संशोधक क्राब्बे यांनी तिथे १०० कुत्री तपासली, २८ मध्ये एकायनोकॉकस. पुढच्या वर्षी, १८६४ मध्ये, साध्या भाषेतली पुस्तिका घरोघरी वाटली गेली: गाठी कुत्र्याला घालू नका, जाळा किंवा पुरा. पुढे कुत्र्यांना औषध देण्याची सक्ती आणि त्यांच्या संख्येवर बंधनंही आली, ते लपवलं नाही. पण सुरुवात गाठींपासून झाली होती. तो आजार तिथून गेला.

बैठकीत खड्ड्याचा ठराव झाला: टाकाऊ भागासाठी झाकण आणि कुलूप असलेला खड्डा. आकड्याच्या रकान्यात तूर्त काही भरायचं नाही असंही ठरलं. दुसरी गोष्ट पहिलीपेक्षा अवघड होती.

१६ मार्च

एलायझाचे निकाल आले, होकारार्थींवर पीसीआरही झाली. काही नमुन्यांत एकायनोकॉकस ग्रॅन्युलोसस पक्का. त्यातले बहुतेक लाल टिंबांच्या बाजूचे. दोन मात्र अगदी उलट टोकाच्या मैदानावरचे. कुत्री चालतात, नकाशावरच्या रेघा आपण आखलेल्या.

२४ मार्च

औषधाचा दिवस. पट्टकृमींसाठी प्राझिक्वांटेल, किलोमागे ५ मिलिग्रॅम. गोळीत पायरँटेलही आहे, गोलकृमी आणि अंकुशकृमींसाठी. वजन अंदाजानेच. प्राझिक्वांटेल थोडं जास्त गेलं तरी कुत्र्याला सहसा बाधत नाही, त्यामुळे शंका आली तर वरच्या बाजूला जायचं.

पूर्वी याच कामाला सुपारीतलं अरेकोलीन द्यायचे. कुत्र्याला जागच्या जागी जोराचा जुलाब व्हायचा आणि संशोधक त्यातले जंत मोजत बसायचे. जंत निघाला तर शंकेला जागा नाही, ही त्याची मोठी खूबी. पण बऱ्याच बाधित कुत्र्यांतून काही निघायचंच नाही, आणि निघायचं तेव्हा आजूबाजूची जमीन अंड्यांनी भरायची.

गोळी खाण्यात लपवून देणं हे शास्त्र वेगळंच आहे. एक काळा कुत्रा प्रत्येक वेळी खाणं खाऊन गोळी तेवढी जमिनीवर ठेवतो, नीट, स्वच्छ चाटून. काकांनी तीन तुकडे भराभर फेकले, गोळी दुसऱ्यात. पहिला खाताना तिसरा दिसतो, त्या घाईत दुसरा गिळला जातो. गिळलेलं दिसलं तरच पाठीवर हिरवी खूण. ज्या बाई या गल्लीत रोज कुत्र्यांना खायला घालतात त्या नसत्या तर निम्मी कुत्री जवळही आली नसती. त्यांना आम्ही आधी अडथळा समजत होतो.

प्राझिक्वांटेल जंत मारतं, अंडी मारत नाही. औषधानंतरचे दोन-तीन दिवस विष्ठेतून मेलेल्या जंतांबरोबर जिवंत अंडी बाहेर येतात. म्हणून हे तीन दिवस पहाट-संध्याकाळ विष्ठा उचलून जाळायची. पथकातल्या सगळ्यांत तरुण मुलाने विचारलं, औषध दिल्यावर काम कमी व्हायला हवं ना?

७ एप्रिल

चौदा दिवस झाले. हिरवी खूण असलेल्या ज्या कुत्र्यांना बसताना प्रत्यक्ष पाहिलं त्यांचेच नमुने घेतले. काकांनी त्यासाठी चार पहाटे खर्ची घातल्या, त्याबद्दल त्यांना घरी जे ऐकावं लागलं ते इथे लिहीत नाही. अंकुशकृमींची अंडी जवळपास गेली. एका कुत्रीची तशीच आहेत. गोळी ओकली असेल किंवा औषध लागू पडलं नसेल. अमेरिकेत शर्यतीच्या ग्रेहाउंड कुत्र्यांमध्ये अनेक औषधांना न जुमानणारे अंकुशकृमी नोंदले गेले आहेत, त्यामुळे दुसरी शक्यता थट्टेवारी नेण्यासारखी नाही. तिला परत समोर उभं राहून गोळी दिली. दोन आठवड्यांनी बघू.

१५ एप्रिल

मुलांच्या मैदानातली वाळू आणि माती. टॉक्सोकाराची अंडी चिकट असतात, मातीच्या कणांना धरून बसतात. ट्वीन नावाच्या साबणासारख्या द्रव्याच्या पाण्यात हलवून सोडवावी लागतात, मग चाळण्या, मग तरंगवणं. अंडी सापडली, काहींच्या आत अळी वळलेली स्पष्ट दिसली. ती अळी असणं हाच धोक्याचा टप्पा. ताज्या विष्ठेतलं टॉक्सोकाराचं अंडं कुणाला लगेच बाधत नाही. मातीत दोन ते चार आठवडे काढल्यावर ते तयार होतं, आणि मग महिनोन्‌महिने तसंच राहतं. त्यामुळे ‘कुत्र्याला हात लावू नका’ या पाटीपेक्षा विष्ठा रोजच्या रोज उचलणं आणि खेळून आलेल्या मुलाचे हात धुणं जास्त कामाचं. एकायनोकॉकसचा न्याय वेगळा, त्याची अंडी बाहेर पडल्या क्षणापासून तयार असतात आणि कुत्र्याच्या केसांनाही चिकटलेली असू शकतात. एकाच पाटीवर दोन्ही कसं लिहायचं यावर ताई आणि मी अजून भांडतोय. तूर्त ‘हात धुवा’ एवढंच मोठ्या अक्षरांत, आणि रात्री वाळूवर ताडपत्री.

२१ एप्रिल

त्या कुत्रीची अंडी गेली. म्हणजे पहिली गोळी ओकलीच होती.

५ मे

दुसरी मात्रा, पहिलीनंतर बरोबर सहा आठवड्यांनी. कुत्र्याच्या पोटात गेल्यापासून एकायनोकॉकस अंडी घालू लागेपर्यंत साधारण सहा-सात आठवडे जातात. त्याआधी औषध पोचलं तर नवा जंत अंडी घालण्याच्या वयाला येत नाही. वर्षभर सहा-सहा आठवड्यांनी हे आम्हाला झेपणार नाही हे आताच दिसतंय. वर्षातून किमान चार वेळा तरी, आणि टाकाऊ भागाच्या बाजूची कुत्री मात्र सहा आठवड्यांनीच, अशी तडजोड केली.

मार्चमधली हिरवी खूण बऱ्याच जणांच्या पाठीवरून उडाली आहे, फोटोंच्या वहीवरून ओळख पटवावी लागली. काही ओळखीची दिसली नाहीत. काही नवीन. फेब्रुवारीतलं हाताला न लागलेलं सहावं पिल्लू आता चांगलं हाडापेराने मोठं झालंय. त्याने गोळी खाल्ली आणि काकांच्या हातमोज्याचं टोकही.

खड्डा तयार आहे. झाकण बसलं, कुलूपही आलं. पण टाकाऊ भागाची गाडी पहाटे पाचला येते आणि किल्ली ज्यांच्याकडे आहे ते आठला. आजही ढीग बाहेरच पडला होता, कुत्री वेळेवर होती. दुसरी किल्ली करून ती आजोबांकडे द्यावी असं पत्र लिहिलंय. उत्तर येईपर्यंत पाचला मी जातोय.